कमळूची केळ हिरवी कशी

२ एप्रिल २००३, बुधवार. पाडवा.
गुढी उभारली. श्रीखंड शहापूरहून आणलं होतं, जरा आंबट निघालं. नव्या वर्षाचा संकल्प: घरातलं रिपेअरिंगचं प्रत्येक काम स्वतः करायचं. प्लंबरला या घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही. आमच्या शेणव्यात तसाही प्लंबर नाही. शहापूरहून येतो, म्हणजे येतो म्हणतो.
गेल्या थंडीत स्लॅबवरच्या टाकीपासून मागच्या न्हाणीपर्यंत पाईप मी एकट्याने टाकला. कुंपणाच्या कडेने, जमिनीत पुरून. दुकानदार म्हणाला होता की प्रत्येक जोड सोल्युशन लावून चिकटवा. मी जोड नुसते दाबून घट्ट बसवले. डबा अजून सीलबंद आहे. याला नियोजन म्हणतात.
शाळेत सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. क्लार्कला म्हणायची पद्धतच आहे, पण माझ्या बाबतीत मनापासून म्हणतात असं जाणवतं.
स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतोय. किरकोळ आहे. रविवारी बघू.

६ एप्रिल, रविवार
वायसर बदलला. जुना वायसर सुकून लाकडासारखा झाला होता, बोटाने दाबला तर तुकडा पडला. नवा घातला. गिरजा म्हणते, आधी थेंब पडत होते, आता धार लागली. बायकोला चांगलं बघायची सवय नाही.
कमळू नेहमीप्रमाणे सकाळी ओट्यावर चहाला आला. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. तो पुढे शेतीत राहिला, मी शिकलो, पण मी कधी तसं दाखवत नाही. घरं शेजारी, मध्ये नुसतं काटेरी कुंपण. त्याची केळ कुंपणाला लागून आहे, त्यातली एक फणी घेऊन आला होता. गोड होती. नळाकडे बघून म्हणाला, "भग्या, फडकं बांध आता." हसला. मीही हसलो. त्याच्या बोलण्याचं मी मनावर घेत नाही.

१३ एप्रिल, रविवार. दुपार.
ऊन भयंकर. स्लॅबवर पाय ठेववत नाही. टाकीच्या खालचा जोड पाझरायला लागला. दोन रंगांची मळून लावायची पुट्टी आणली, मळली, लावली. पाकिटावर लिहिलं होतं दगडासारखी घट्ट होते. संध्याकाळपर्यंत ती दगडासारखी घट्ट झाली आणि दगडासारखीच खाली पडली. गिरजाच्या पापडांवर.
ज्याच्यावर विश्वास ठेवावा त्यानेच दगा द्यावा, असं हे वर्ष दिसतंय.

१५ एप्रिल, मंगळवार
शोध लागला. शाळेत आठवीचं विज्ञानाचं पुस्तक चाळत होतो. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो. म्हणजे पाईप दुपारी उन्हात लांबतो आणि पहाटे गारव्याला आखडतो. रोज लांबायचं, रोज आखडायचं. जोड सैल पडणारच. म्हणून थंडीत जे गळतच नव्हतं ते आता गळतंय. गावात हे एकालाही सुचलेलं नाही.
उपाय सोपा आहे. पाईप थंड ठेवायचा. गोणपाट गुंडाळून त्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मारायचं.

१८ एप्रिल, शुक्रवार
गोणपाटाचा प्रयोग यशस्वी. पाझर निम्म्यावर. फक्त टाकी दुपारीच रिकामी होते.
गिरजा म्हणाली, "गळतंय त्याच्या दुप्पट तुमी वर ओतताय." मी तिला प्रसरण समजावलं. ती भांडी घासायला निघून गेली. तिचं माहेर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला. तिकडे झऱ्याचं पाणी. पाईप या विषयाची तिला पार्श्वभूमीच नाही.

२१ एप्रिल, सोमवार
गोणपाटं गिरजाने काढून वाळत टाकली. मला विचारलं नाही.
गोणपाटं नसतानाही टाकी दुपारी रिकामी. पंचायतीचं पाणी एक दिवसाआड येतं. टाकी काठोकाठ भरते आणि जेवणं होईपर्यंत तळ दिसतो. वरचा जोड पाझरतो, स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, हे मी नाकारत नाही. पण एवढ्याने टाकी रिकामी होत नाही. पाणी कुठेतरी जातंय.

२४ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.
स्लॅबवर उभा राहून गावावर नजर टाकली. सगळं पिवळं. शेतांना हात जाईल एवढ्या भेगा. आंबा सोडला तर कुठे हिरवं नाव नाही.
आणि कुंपणापलीकडे कमळूची केळ. हिरवीगार. नवीन पान सुटलंय, सुरळीसारखं, चकचकीत. तिच्या बुडाशी त्याच्या बायकोने, भागीने, अळू लावलंय. एप्रिलात अळू.
खाली येऊन पाणी प्यायलो. दोन तांबे लागले. उन्हाने असेल.

२५ एप्रिल, शुक्रवार
सकाळी कमळू चहाला आला. मी सहज विचारलं, "केळ काय मस्त आलीय रे. पाणी कुठून घालतोस?" म्हणाला, "पानी कुठलं? देवाची कृपा. भागी भांड्यांचं टाकते जरा." आणि बशीतला चहा ओढला. डोळ्याला डोळा भिडवला नाही. बशीकडेच बघत होता.
भांड्यांच्या पाण्यावर असं पान सुटत नाही. चाळीस वर्षांची मैत्री. मी कोणाला काय म्हणू?

२८ एप्रिल, सोमवार
पाळत चालू आहे. कमळू दुपारी केळीजवळ गेला, काठीने पाठ खाजवली, परत आला. यात संशयास्पद असं की केळीजवळच का?

१ मे, गुरुवार. महाराष्ट्र दिन.
ग्रामसभा. आयुष्यातला मोठा दिवस.
पाण्याचा विषय निघाला. धरणं आपल्या तालुक्यात आणि टँकरही आपल्याच तालुक्यात, यावर नेहमीचं बोलून झालं. मग मी उभा राहिलो. म्हणालो, धरणाचं नंतर बघू, आधी आपल्या घरात बघा. उन्हाळ्यात बारीक गळती मोठी का होते? मग सांगितलं. प्लास्टिकचा पाईप उन्हात लांबतो, गारव्याला आखडतो, त्यात जोड सुटतो. रबराचा वायसर सुकून तडकतो. पाणी कमी म्हणून आपण नळ दिवसभर उघडबंद करतो, त्याने तो आणखी झिजतो. आणि सगळ्यात घातक म्हणजे जमीन. माती सुकली की तिला भेगा पडतात, ती सरकते आणि आतला पाईप ओढून नेते. वरून काही दिसत नाही. आत पाणी चाललेलं असतं.
टाळ्या पडल्या. सरपंच म्हणाले, नावच भगीरथ आहे, हा माणूस पाणी आणणार. लगेच पाणी बचत समिती झाली. अध्यक्ष मी. माझ्याच सूचनेवरून ठराव: पाणी चोरणाऱ्याचा किंवा वाया घालवणाऱ्याचा नळ पाऊस पडेपर्यंत बंद. सगळ्यांनी हात वर केले. कमळूनेही केला. हिंमत बघा.
गिरजा बायकांच्या बाजूला बसली होती. घरी येताना म्हणाली, "भाषण चांगलं झालं. आता आपल्या मागच्या पाईपाचं बघा." मी म्हटलं, तो मी स्वतः टाकलेला आहे. ती पुढे चालू लागली. पटलं असावं.

४ मे, रविवार
मन घट्ट केलं. अध्यक्ष झाल्यावर आपला-परका करून चालत नाही. समितीपुढे कमळूचं नाव मीच ठेवलं. पुरावे: एक, माझी टाकी. दोन, त्याची केळ. तीन, अळू.
पंचायतीचं पाणी सोडायचं काम शामकडे आहे. तो पाना हातात घेऊन उभाच राहिला. "भाऊसाहेब, नक्की ना? कमळूदादा?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्याने कमळूचा नळ बंद केला.
दुपारी कमळू आला. ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला. म्हणाला, "भग्या, तुझ्या आईच्या हातचं जेवून वाढलोय मी. मनात व्हतं तर एकदा इचारायचं." मी म्हटलं, विचारलं होतं, पंचवीस तारखेला. त्याने मान हलवली. मग गेला.
खरं तर आवाज त्याने चढवायला हवा होता. चोर असा गप्प राहिला की समोरच्याला विनाकारण कसंतरी होतं.

५ मे, सोमवार
कमळू चहाला आला नाही. मन खातंय त्याला. गिरजाने सवयीने तीन कप केले. तिसरा मी प्यायलो.

९ मे, शुक्रवार
शाळेला सुट्टी. टाकी आजही दुपारी रिकामी. त्याचा नळ बंद आहे, तरीही. आणि केळ आणखी हिरवी.
याचा अर्थ उघड आहे. पंचायतीच्या नळाचा संबंधच नव्हता. जमिनीखालून चोरटा पाईप थेट माझ्या लाईनला जोडलेला आहे. कमळू इतका पुढे गेला असेल असं वाटलं नव्हतं. शाळेत त्याला त्रैराशिक जमत नव्हतं.
भागी आता रस्त्यापलीकडच्या विहिरीवर जाते. पाणी तळाला गेलंय. आपल्या घरावरूनच जाते, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. पूर्वी गिरजाला हाक मारायची. आता मान खाली.

१३ मे, मंगळवार
भागी विहिरीच्या पायरीवरून घसरली. मनगट मोडलं. शहापूरला नेलं, प्लास्टर घातलं.
वाईट वाटलं. कोणालाही वाटेल. पण विहिरीची पायरी आणि माझी तक्रार या दोन वेगळ्या बाबी आहेत. पायरीची डागडुजी कोणाकडे आहे ते बघायला हवं.
भेटायला जावं असं वाटत होतं. चप्पल घातलीसुद्धा. पण अध्यक्षाने गेलं तर समितीची बाजू लंगडी पडते. गिरजाला पाठवलं. ती मी सांगायच्या आधीच गेली होती.

१६ मे, शुक्रवार
लिहायला हात धजत नाही.
सकाळी दात घासत मागच्या बाजूला गेलो तर गिरजा कुंपणावरून हंडा देत होती. आपला हंडा. आपल्या टाकीचं पाणी. पलीकडे भागी, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताने हंडा छातीशी धरून घेत होती. तेरा तारखेपासून रोज चाललंय. मला पत्ता नाही.
मी म्हटलं, हे काय? गिरजा म्हणाली, "पानी." मी म्हटलं, समितीचा ठराव माहीत आहे ना? ती म्हणाली, "मग लिवा माझं नाव. अध्यक्षाची बायको म्हणून लिवा." भागी म्हणाली, "जाऊ दे गो गिरजा," आणि आत गेली.
बाहेरचा चोर माणूस सहन करतो. घरातली फितुरी कशी सहन करायची? आज जेवण गेलं नाही. म्हणजे दुपारचं. संध्याकाळी थोडी भाकरी खाल्ली.

१७ मे, शनिवार
ठरलं. उद्या कमळूचं घरामागचं परडं खणायचं. चोरटा पाईप सगळ्यांसमोर बाहेर काढायचा. सरपंच, समिती, सगळ्यांना सांगून आलो. गिरजाचेही डोळे उघडतील. कमळूला मोठ्या मनाने माफ करायचं असंही ठरवलं आहे. काय बोलायचं ते आरशासमोर बोलून बघितलं. "कमळू, झालं गेलं विसरू." हात त्याच्या खांद्यावर.

१८ मे, रविवार
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. पुढे कोणी वेगळं सांगेल म्हणून.
सकाळी सगळे जमले. अर्धं गाव आलं, खरं तर एवढ्यांना बोलावलं नव्हतं. कमळू दारात बसला होता. म्हणाला, "खना." शामने केळीच्या बुडाशी टिकाव घातला. माती ओली, काळी, लोण्यासारखी. मी सगळ्यांना दाखवली. पाईप मात्र नव्हता.
ओल कुंपणाच्या दिशेने जात होती. शाम खणत खणत कुंपणापर्यंत आला. मग कुंपण ओलांडून आमच्या बाजूला आला. मी म्हटलं, चोर असाच उलटा फिरवून पाईप घालतो. सगळे खाली जमिनीकडे बघत होते. आमच्या परड्यातली जमीन तडकून दोन फाका झाली होती, भेग सरळ कुंपणाच्या कडेने गेलेली. शामने तिथे खणलं आणि पाईप लागला.
माझा. न्हाणीचा.
जोड सुटून दोन तोंडं वेगळी झाली होती, मध्ये अंगठा जाईल एवढं अंतर. पाणी भुळुभुळु बाहेर येऊन भेगेत शिरत होतं. जमीन उताराची, उतार कमळूकडे. शामने पाईपाचं तोंड बोटाने पुसून बघितलं. म्हणाला, "याला सोल्युशन नाय लावलं काय, भाऊसाहेब?"
मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात गिरजा घरात गेली आणि डबा घेऊन आली. सीलबंद. तिने तो खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि पदराला हात पुसले. नवरा उभा असताना, अख्ख्या गावासमोर.
कोणी हसलं असतं तरी बरं होतं. कोणी हसलं नाही.
कमळू उठून खड्ड्यापाशी आला. पाण्याकडे बघत म्हणाला, "मला ठाव असतं तर त्याच दिशी सांगितलं असतं रे. एवढं पानी गेलं. भागी त्या विहिरीवर गेली नसती." माझ्याकडे बघितलंच नाही. आरशासमोर बसवलेलं वाक्य या जागी बसत नव्हतं.
एक गोष्ट मात्र नोंदवतो. पुरलेला पाईप उन्हाळ्यात जमीन ओढून नेते, हे मी १ मेला जाहीर सभेत सांगितलं होतं. तंतोतंत तसंच झालं. टाळ्या वाजवणाऱ्या एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

१९ मे, सोमवार
समितीची तातडीची बैठक. गावालाही बोलावलं होतं. मला वाटलं, कमळूचा नळ सोडायचा ठराव मांडून वातावरण हलकं करावं. तो माझ्या आधीच कोणीतरी मांडला. मग दुसरा आला. पाणी वाया घालवणाऱ्याचा नळ पाऊस पडेपर्यंत बंद. शब्द माझेच, मराठी माझंच, शुद्धलेखनसुद्धा.
मी म्हटलं, यात हेतू बघायला हवा. सरपंच म्हणाले, ठरावात हेतूचं कलम नाही, भाऊसाहेब. हात वर झाले. कमळूनेही केला. सगळ्यात शेवटी केला, हळूच, पण केला.
ज्या माणसासाठी मी खांद्यावर हात ठेवायची तयारी करून बसलो होतो, त्याने हे करावं.
दुपारी शाम पाना घेऊन आला. या वेळी "नक्की ना" असं विचारलं नाही.

२१ मे, बुधवार
मागचा जोड दुरुस्त केला. सोल्युशन भरपूर लावलं, डबा संपवला. आता एक थेंब गळणार नाही. लाईनमध्ये पाणीच नाही, त्यामुळे खात्री करता आली नाही.

२२ मे, गुरुवार
गिरजा माहेरी गेली. भावाच्या मुलीचं लग्न आहे, म्हणजे असेल, मे महिन्यात कोणाचं ना कोणाचं असतंच. दोन दिवस ती भागीकडून पाणी आणत होती. भागी तिला "घे गो, कितीबी घे" म्हणायची ते मला इकडे ऐकू यायचं. माझ्या कानावर पडावं म्हणूनच म्हणत असावी.
परत कधी येणार विचारलं. गिरजा म्हणाली, "तिथं झरा हाय." हे उत्तर झालं का?
जाताना घरातले हंडे, कळश्या भरून गेली. तेवढं मात्र केलं.

२४ मे, शनिवार
हंडे संपले. कळशीत पेलाभर आहे. आंघोळ पुढे ढकलली. विहिरीवर जाऊन आलो, वरून बघितलं. पायऱ्या खरंच वाईट आहेत, शेवाळ सुकून गुळगुळीत झालंय. खाली उतरलो नाही. बायका कशा उतरतात कोण जाणे.
चहा केला नाही. एकट्यासाठी काय करायचा.

२५ मे, रविवार. सकाळ.
बादली घेऊन कमळूच्या दारात गेलो. किती वेळ उभा होतो ते लिहीत नाही. भागी आतून बघून गेली. प्लास्टरवर कोणीतरी हळदीचं बोट लावलंय.
कमळू बाहेर आला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ग्रामपंचायतीची नळ योजना, उन्हाळ्याचा ताण वगैरे. तोंडातून आलं, "पाणी."
त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सगळं नीट समजावून सांगितलं असतं. त्याने बादली माझ्या हातातून घेतली, नळाखाली लावली, आणि ती भरेपर्यंत दोघेही नळाकडे बघत बसलो. चहाचं काही निघालं नाही. बादली माझ्या हातात दिली आणि तो आत गेला.
घरी येऊन बघतो तर बादली अर्धी. म्हटलं, बघा, मोजून अर्धीच दिली. इतक्या वर्षांनी माणूस कळला. हे सगळं इथे लिहायला बसलो, पेन उघडलं, तर पाय ओला लागला. बादली उचलून बघितली. तळाला लांब भेग आहे. स्लॅबवर उन्हात पडून असायची.
दारातून बघितलं. कमळूच्या नळापासून माझ्या ओट्यापर्यंत ओली रेघ आलीय. त्याच्या बाजूची वाळायला लागली आहे.
राहिलेलं पाणी पातेल्यात ओतून घेतलं. दुपारपर्यंत पुरेल.
मग दुसरी बादली घेऊन पुन्हा जावं लागेल.